१७०२ कोटींची पुणे वॉरियर्स तीन हंगामांत संपली, पण ती फक्त हरली म्हणून नाही

मे २०१२. आयपीएलचा पाचवा हंगाम संपत आलेला. पॉइंट टेबलवर नऊ टीम आणि सगळ्यात तळाला पुणे. १६ मॅच, ४ विजय, १२ पराभव, ८ पॉइंट.

आता तुम्ही म्हणाल, नऊ टीम खेळल्या तर एक जण शेवटी येणारच. त्यात एवढं काय?

विषय असा आहे की याच टीमनं त्या हंगामात पहिल्या सातपैकी चार मॅच जिंकल्या होत्या. पहिल्याच मॅचला मुंबईला वानखेडेवर जाऊन २८ धावांनी हरवलं. मग पंजाबला हरवलं, चेन्नईला हरवलं. २१ एप्रिलला दिल्लीला दिल्लीत पाणी पाजलं. प्लेऑफची गणितं मांडावीत अशी परिस्थिती होती. त्यानंतर उरलेल्या नऊ मॅचमध्ये पुण्यानं एकही जिंकली नाही.

पुढच्या वर्षी पहिल्या दोन हरल्या, म्हणजे सलग अकरा पराभव. आणि २०१३ चा हंगाम संपायच्या आतच मालकानं टीम सोडत असल्याचं जाहीर केलं. आयपीएलच्या इतिहासातली तोवरची सगळ्यात महागडी टीम तीन हंगामांत गायब.

‘टीम फालतू होती, म्हणून बंद पडली’ असं सोपं उत्तर आजही मिळतं. पण हरणाऱ्या टीम जगात सगळीकडे असतात. त्यातल्या काही शंभर वर्षं टिकतात, काही तीन वर्षांत संपतात. मग पुण्याचं नेमकं कुठं बिनसलं?

गणित पहिल्या दिवसापासून अवघड होतं

२१ मार्च २०१० ला चेन्नईत आयपीएलच्या दोन नव्या टीमसाठी बोली उघडली. सहारा समूहानं पुण्यासाठी ३७ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे १७०२ कोटी रुपये लावले. दुसरी टीम कोचीची, १५३३ कोटींना.

हा आकडा किती मोठा होता? २००८ ला आयपीएल सुरू झाली तेव्हा आठही टीम मिळून साधारण ७२ कोटी डॉलरला गेल्या होत्या. त्यातली सगळ्यात महाग मुंबई, ११ कोटी १९ लाख डॉलरला. म्हणजे एकट्या पुण्याची किंमत जुन्या आठ टीमच्या बेरजेच्या निम्म्याहून जास्त आणि मुंबईच्या तिपटीहून जास्त.

ही रक्कम दहा वर्षांत द्यायची होती. वर्षाला १७० कोटी.

आता खरी मेख बघा. एवढे पैसे भरून टीम चांगली होते का? नाही. कारण खेळाडू विकत घ्यायला सगळ्या टीमना सारखीच मर्यादा होती. २०११ च्या लिलावात ती होती ९० लाख डॉलर, म्हणजे साधारण ४० कोटी रुपये. पुणे बोर्डाला वर्षाला १७० कोटी देणार आणि मैदानात उतरणाऱ्या पोरांवर ४० कोटी खर्च करणार. मुंबई त्याच ४० कोटींत टीम बांधणार, पण बोर्डाला पुण्याच्या एक तृतीयांशच देणार.

वर जुन्या टीमना चार-चार खेळाडू आपल्याकडे ठेवायची मुभा होती. मुंबईनं सचिन, हरभजन, पोलार्ड आणि मलिंगा ठेवले. चेन्नईनं धोनी, रैना, मुरली विजय आणि मॉर्केल ठेवले. पुण्याकडे ठेवायला कुणीच नव्हतं. पाटी कोरी.

त्या कोऱ्या पाटीवर पुण्यानं उथप्पासाठी २१ लाख डॉलर लिहिले, युवराज सिंगसाठी १८ लाख आणि अँजेलो मॅथ्यूजसाठी साडेनऊ लाख. ९० लाखांतले साडेअठ्ठेचाळीस लाख तीन खेळाडूंवर गेले. उरलेल्या पैशांत बाकीची अख्खी टीम उभी करायची होती.

घरचं मैदान नवी मुंबईत

पहिल्या हंगामात, २०११ ला, पुण्याच्या टीमला पुण्यात मैदानच नव्हतं. गहुंज्याचं स्टेडियम अजून बांधून व्हायचं होतं. त्यामुळे ‘होम ग्राउंड’ ठरलं नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम.

आमच्या सोमेश्वरनगरवरून हिशोब करा. नीरा, जेजुरी, सासवड, दिवे घाट उतरून पुणे. तिथून एक्स्प्रेस वे धरून थेट नवी मुंबई. आपल्या जिल्ह्याची टीम ‘घरी’ खेळताना बघायची तर दोन जिल्हे ओलांडायचे. बारामती, इंदापूर, दौंड, जुन्नर इथल्या पब्लिकनं टीम बघितली ती टीव्हीवरच.

सुरुवात झकास झाली. पंजाबला हरवलं, मग कोचीला. दोनपैकी दोन. त्यानंतर सलग सात पराभव. शेवटी १४ मॅचमध्ये ४ विजय, ९ पराभव, एक मॅच पावसात. दहा टीममध्ये नववा नंबर.

नव्या टीमचा पहिला हंगाम म्हणून हे चालून गेलं असतं. युवराज कॅप्टन होता, वर्ल्ड कपचा मालिकावीर होता. राहुल शर्मा नावाचा लेगस्पिनर सापडला होता. दुसऱ्या वर्षी घडी बसेल असं वाटायला जागा होती.

लिलाव सुरू आणि पुण्याची खुर्ची रिकामी

मग आली ४ फेब्रुवारी २०१२. बंगळुरूत आयपीएलचा लिलाव होता. त्याच दिवशी सहारानं जाहीर केलं की आपण भारतीय संघाची स्पॉन्सरशिपही सोडतोय आणि आयपीएलही. लिलावात पुण्याच्या बाजूनं कुणी बोलीच लावली नाही.

भांडण कशावरून होतं?

पहिला मुद्दा मॅचच्या संख्येचा. सहाराचं म्हणणं असं की आम्ही बोली लावली ती ९४ मॅचचा हंगाम धरून. दहा टीम, प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक, म्हणजे टीममागे १८ मॅच, त्यातल्या ९ घरच्या. प्रत्यक्षात २०११ चा हंगाम झाला ७४ मॅचचा. टीममागे १४ मॅच, घरच्या फक्त ७. मॅच कमी म्हणजे तिकीट कमी, मैदानातल्या जाहिराती कमी. मग फीसुद्धा त्या प्रमाणात कमी करा, अशी मागणी होती. बोर्ड त्याला तयार नव्हतं आणि वाद लवादाकडे न्यायचा की नाही, यावरही एकमत होत नव्हतं.

दुसरा मुद्दा युवराजचा. वर्ल्ड कप जिंकून देणाऱ्या या माणसाला कॅन्सरचं निदान झालं होतं आणि तो अमेरिकेत उपचार घेत होता. २०१२ चा अख्खा हंगाम तो खेळू शकणार नव्हता. लिलावात खर्च केलेल्या पैशांतला पाचवा हिस्सा आणि टीमचा कॅप्टन, दोन्ही एकदम गेलं. त्याच्या जागी खेळाडू घ्यायला लिलावात जादा पैसे मिळावेत असं सहाराचं म्हणणं होतं.

फेब्रुवारीच्या मध्यात समझोता झाला. टीम परत आली, लिलावाबाहेरून खेळाडू घ्यायची परवानगी मिळाली, मायकल क्लार्कसारखं नाव जोडलं गेलं. पण बाकीच्या टीमनी लिलावात निवडून घेतलं होतं आणि पुण्यानं उरल्यासुरल्यातून. कॅप्टनपद आलं ३९ वर्षांच्या सौरव गांगुलीकडे. हाच गांगुली २०११ च्या लिलावात विकला गेला नव्हता आणि जखमी नेहराच्या जागी मधेच टीममध्ये आला होता.

ते नऊ पराभव

एवढं होऊनही २०१२ ची सुरुवात चांगली झाली, हे आपण वर बघितलंच. १ एप्रिलला गहुंज्याच्या स्टेडियमचं उद्घाटन झालं, ८ एप्रिलला तिथं पहिली आयपीएल मॅच झाली आणि पुण्यानं पंजाबला २२ धावांनी हरवलं. अखेर टीमला स्वतःचं घर मिळालं.

मग घसरगुंडी सुरू झाली. सगळे पराभव दणकून झाले असंही नाही. ३ मे ला गहुंज्यात मुंबईला १२० धावांवर रोखलं आणि पुणे ११९ वर अडकलं. एका धावेनं हार. दोनच दिवसांनी ईडन गार्डनवर, गांगुलीच्या गावात, कोलकात्याकडून ७ धावांनी हार.

अशा चुरशीच्या मॅचमध्ये टीमची घडी कामाला येते. शेवटची ओव्हर कुणी टाकायची, सहाव्या नंबरला कुणी जायचं, हे वर्षानुवर्षं एकत्र खेळून पक्कं होतं. मुंबई-चेन्नईकडे ती घडी होती. पुण्याकडे दीड महिन्यापूर्वी जमवलेली टीम होती, जिची मालकी राहणार की जाणार हेच फेब्रुवारीत नक्की नव्हतं.

२०१३ ला कॅप्टन बदलला, मॅथ्यूज आला. श्रीलंकेच्या खेळाडूंना चेन्नईत खेळता येणार नाही असं ठरल्यामुळे तिथल्या मॅचला रॉस टेलर कॅप्टन झाला. पुण्यानं ती मॅच जिंकलीसुद्धा! मग ॲरन फिंच कॅप्टन झाला. एका हंगामात तीन कॅप्टन.

२३ एप्रिल २०१३ ला बंगळुरूत ख्रिस गेलनं याच टीमच्या बॉलिंगवर ६६ बॉलमध्ये नाबाद १७५ धावा ठोकल्या. ३० बॉलमध्ये शतक, १७ सिक्स. बंगळुरूचा स्कोअर २६३. पुणे १३० धावांनी हरलं. आज यूट्यूबवर पुणे वॉरियर्स शोधलं की बहुतेक करून ही इनिंगच समोर येते. एखादी टीम लोकांना दुसऱ्याच्या विक्रमामुळं लक्षात राहावी, याहून वाईट काय असतं!

त्या हंगामातही ४ विजय, १२ पराभव. शेवटच्या दोन मॅच जिंकल्या, १९ मे ला गहुंज्यात दिल्लीला हरवलं. दोन दिवसांनी, २१ मे ला, सहारानं आयपीएलमधून बाहेर पडत असल्याचं सांगितलं. फीची थकबाकी होती म्हणून बोर्डानं बँक गॅरंटी वटवली होती, ते निमित्त झालं. २६ ऑक्टोबर २०१३ ला बोर्डानं करारच रद्द केला.

एकूण हिशोब: तीन हंगाम, ४६ मॅच, १२ विजय, ३३ पराभव, एक अनिर्णित. शेवटचा घाव मात्र पराभवांनी घातला नाही. तो पैशाच्या वादानं घातला.

हरणाऱ्याला मदत करायची की नाही?

इथं थोडं अमेरिकेला जाऊन येऊ. तिकडचा फुटबॉल म्हणजे अंड्यासारखा बॉल, अंगावर चिलखतासारखे पॅड आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायची धडपड. त्यांची व्यावसायिक लीग १९२० ला सुरू झाली. पहिल्या वर्षी डझनाहून जास्त टीम खेळल्या. त्यातल्या आज किती उरल्यात? दोन. बाकी सगळ्या कधी पैसा संपून, कधी मालक कंटाळून बंद पडल्या. म्हणजे पुणे वॉरियर्सचं जे झालं ते तिकडं शंभर वर्षांपूर्वी दर वर्षाला होत होतं.

त्या लीगला एक गोष्ट हळूहळू कळली. हरणारी टीम मेली तर जिंकणाऱ्यानं खेळायचं कुणाशी?

फिलाडेल्फिया ईगल्स ही तेव्हाची हक्काची हरणारी टीम. तिचा मालक बर्ट बेल. कॉलेजमधली चांगली पोरं श्रीमंत टीमकडं जायची आणि बेलच्या वाट्याला उरलेली यायची. १९३५ ला त्यानं बाकीच्या मालकांसमोर प्रस्ताव मांडला: दर वर्षी कॉलेजमधल्या खेळाडूंची यादी करू आणि सगळ्यात खाली आलेल्या टीमला सगळ्यात आधी निवडू देऊ. जिंकणाऱ्या मालकांनीही हे मान्य केलं. यालाच ‘ड्राफ्ट’ म्हणतात आणि पहिला ड्राफ्ट झाला फेब्रुवारी १९३६ मध्ये.

पहिली निवड अर्थातच ईगल्सची. त्यांनी निवडलं जे बरवँगर या खेळाडूला. आणि हा पठ्ठ्या त्या लीगमध्ये एकही मॅच खेळला नाही! ईगल्सचा १९३६ चा हंगाम संपला १ विजय आणि ११ पराभवांवर.

म्हणजे नियम केला आणि लगेच जादू झाली असं काही नाही. पण नियम राहिला, टीमही राहिली आणि आज ईगल्स त्या लीगच्या मोठ्या टीमपैकी एक आहे.

आयपीएलमध्येही समानतेचा विचार आहे. लिलावात सगळ्यांना सारखी मर्यादा असते, टीव्हीच्या पैशातला वाटा मिळतो. पण तळाला आलेल्या टीमला पुढच्या वर्षी आधी निवडायचा हक्क नसतो. २०११ ला तर उलटंच होतं. जुन्यांना चार खेळाडू राखायची मुभा होती आणि नव्यांना भरायला मोठी फी.

जिथं टीमच सभासदांची आहे

आता याच गोष्टीतला दुसरा भाग, जो आपल्या भागातल्या माणसाला पटकन समजेल.

अमेरिकेत ग्रीन बे नावाचं लाखभर वस्तीचं शहर आहे. आपल्याकडच्या मध्यम शहराएवढं. तिथली टीम ग्रीन बे पॅकर्स, १९१९ ला स्थापन झालेली. मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीनं जर्सीला पैसे दिले म्हणून नाव पॅकर्स.

१९२३ ला टीम पैशांअभावी अडचणीत आली तेव्हा गावातल्या लोकांनी पाच-पाच डॉलरचे शेअर घेतले. टीम कुठल्या शेठची राहिली नाही, गावाची झाली. या शेअरवर डिव्हिडंड मिळत नाही, नफा मिळत नाही. मिळतो तो मतदानाचा हक्क आणि ‘टीम माझी आहे’ म्हणायचा मान. आज अशा शेअरहोल्डरची संख्या पाच लाखांच्या वर आहे आणि कुणा एकाला टीम ताब्यात घेता येऊ नये म्हणून शेअरवर कमाल मर्यादा आहे.

ओळखीचं वाटतंय ना? सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती... आपल्याकडं घरटी कुणीतरी साखर कारखान्याचा सभासद असतो. शेअर घेतलेला असतो, वार्षिक सभेला माणूस जातो, तावातावानं बोलतो, संचालक मंडळाला शिव्या घालतो. पण गळीत हंगाम वाईट गेला, पाऊस कमी पडला, उतारा घसरला म्हणून कुणी ‘मी कारखाना सोडतोय’ असं प्रेसनोट काढून सांगत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बॉयलर पेटतो आणि गव्हाणीत मोळी पडते.

फरक एवढाच की कारखान्यात शेअर कितीही असले तरी सभासदाला एकच मत, पॅकर्समध्ये शेअरप्रमाणे मतं. बाकी गाभा तोच.

पॅकर्सची परीक्षाही झाली. १९३१ ला एक प्रेक्षक स्टँडवरून पडला. त्यानं केस केली, जिंकली आणि टीमला सुमारे पाच हजार डॉलरचा दंड बसला. विमा कंपनी बुडालेली होती. टीमचा कारभार कोर्टानं नेमलेल्या माणसाच्या हातात गेला. त्याच काळात, १९३३ ला, टीमचा इतिहासातला पहिला तोट्यातला हंगाम झाला: ५ विजय, ७ पराभव, १ बरोबरी. वर सगळ्या देशात महामंदी. टीम संपायला याहून चांगलं कारण नव्हतं.

गावानं पुन्हा झोळी फिरवली. १९३५ ला नवे शेअर विकून १५ हजार डॉलर उभे केले. १९३६ ला पॅकर्स चॅम्पियन.

सगळ्यात वाईट हंगाम तर अजून पुढं होता. १९५८ ला १२ मॅचमध्ये १ विजय, १० पराभव, १ बरोबरी. तेव्हा त्यांनी विन्स लोम्बार्डी नावाचा कोच आणला आणि त्याच्या हातात सगळे अधिकार दिले. पुढच्याच वर्षी ७ विजय, ५ पराभव. आणि १९६१ ते १९६७ या सात वर्षांत पाच वेळा चॅम्पियन. आज त्या लीगच्या विजेत्याला मिळणारी ट्रॉफी लोम्बार्डीच्या नावाची आहे.

मग टीम गावाची असली की काम झालं?

इथं घाई करू नका. महाराष्ट्रात कितीतरी सहकारी कारखाने सभासदांचे असूनही कर्जात बुडाले, लिलावात गेले. मालकी सगळ्यांची असली आणि जबाबदारी कुणाचीच नसली की काय होतं, हे आपल्याला शिकवायची गरज नाही. पॅकर्स टिकली ती गावानं पैसे दिले म्हणून आणि योग्य वेळी योग्य माणसाच्या हातात कारभार दिला म्हणूनही.

खासगी मालकाची टीम हरून टिकतच नाही, असंही नाही. त्याचं उदाहरण पुण्यातच आहे.

पुणेरी पलटण. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली. पहिल्या सीझनला पलटण आठ टीममध्ये आठवी. दुसऱ्या सीझनला पुन्हा आठवी. पुणे वॉरियर्सपेक्षा वेगळं काय होतं? मालक खासगी कंपनीच. पण मालक थांबला. तिसऱ्या आणि चौथ्या सीझनला टीम तिसरी आली. नंतर पुन्हा चढ-उतार झाले. युवा पलटण नावानं पोरं घडवायचं काम सुरू झालं. अस्लम इनामदार आणि मोहित गोयतसारखे खेळाडू नवखे म्हणून आले आणि टीमचा कणा झाले. डिसेंबर २०२२ ला जयपूरकडून फायनल हरले. १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ नं हरवून पलटण चॅम्पियन झाली. कॅप्टन होता नगर जिल्ह्यातला अस्लम. तळापासून ट्रॉफीपर्यंत दहा सीझन लागले.

आणि जिंकून संपलेली टीमही पुण्यातच आहे. २०१२ ला, म्हणजे वॉरियर्स तळाला गेली त्याच वर्षी, चक्क अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग झाली होती, एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया. तिच्या पहिल्या हंगामाची विजेती टीम होती पुणे मराठाज, फायनलमध्ये दिल्लीला हरवून. तुम्ही नाव ऐकलंय? बहुतेकांनी नाही. लीग नंतर उभीच राहिली नाही आणि चॅम्पियन टीमही तिच्यासोबत विस्मरणात गेली.

तिसरं उदाहरण रायझिंग पुणे सुपरजायंट. चेन्नई आणि राजस्थानवर दोन वर्षांची बंदी होती म्हणून ही टीम दोन वर्षांपुरतीच आली. २०१६ ला आठात सातवी, २०१७ ला थेट फायनल. तिथं मुंबईकडून एका धावेनं हार. गहुंज्यात २०१२ ला झालं होतं तेच, तीच मुंबई, तीच एक धाव. टीमची घडी बसली होती, पण करार संपला आणि टीम संपली.

चारही उदाहरणं शेजारी ठेवली की चित्र साफ होतं. वॉरियर्स हरली आणि संपली. मराठाज जिंकली आणि संपली. सुपरजायंट फायनलला पोचली आणि संपली. पलटण दोनदा तळाला गेली आणि टिकली. निकालावरून टीमचं आयुष्य ठरलेलं दिसत नाही. ते ठरलं करारावरून, पैशाच्या गणितावरून आणि वाईट हंगाम सोसायची कुणाची तयारी होती त्यावरून.

शिल्लक काय राहिलं?

गहुंज्याचं स्टेडियम राहिलं. सहाराचं नाव त्यावरून गेलं, पण मैदान महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं असल्यामुळे ते जागेवर आहे. २०२३ च्या वर्ल्ड कपच्या पाच मॅच तिथं झाल्या. भारत-बांगलादेश मॅचला, १९ ऑक्टोबरला, कोहलीनं तिथंच शतक केलं. जिल्हाभरातून लोक गेले. पण २०१७ नंतर आयपीएलमध्ये पुण्याची स्वतःची टीम नाही.

उद्या पुन्हा कुणीतरी पुण्याच्या नावानं टीम काढेल. क्रिकेटची असेल, कबड्डीची असेल, कुस्तीची असेल. झेंडे निघतील, रील्स बनतील, स्टार खेळाडूंची नावं झळकतील. तेव्हा लिलावातला सगळ्यात मोठा आकडा बघण्याआधी चार प्रश्न विचारा. मालकानं वर्षाला किती भरायचंय आणि तेवढे पैसे टीम मिळवू शकते का? करार किती वर्षांचा आहे? घरच्या मॅच खरंच घरी होणार आहेत का? आणि जिल्ह्यातली पोरं घडवायला काही सोय आहे का?

या चारांची उत्तरं बरी असतील तर पहिल्या वर्षी टीम तळाला गेली तरी खुशाल जर्सी घ्या. दुसऱ्या वर्षीही ती घालता येईल.